चित्रं तुमची, तर डिंक माझा

रविवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, काळबादेवीच्या किनाऱ्यावर, खडपांवर म्हणजे समुद्रालगतच्या खडकांवर बसून चित्र काढत असताना, डॉ. शलाका भाटकरला तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी वैज्ञानिक कल्पना सुचली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण तिच्या कपाळाला मेंदूची नोंद ठेवणारी पट्टी होती.

शलाका चव्वेचाळीस वर्षांची. रत्नागिरीजवळच्या सागरी द्रव्य संशोधन संस्थेत ती सोळा वर्षं शिनाण्यांवर काम करत होती. शिनाणे म्हणजे खडकाला घट्ट धरून राहणारे काळपट हिरवे शिंपले. लाटा कितीही आपटल्या तरी ते सुटत नाहीत. ओल्या दगडावर, खाऱ्या पाण्यात माणसाने बनवलेला कुठलाच डिंक धरत नाही, शिनाण्याचा धरतो. तो प्रयोगशाळेत जमला, तर फाटलेलं ओलं फुप्फुस टाक्यांशिवाय जोडता येईल, अशी आशा होती. त्या डिंकातली प्रथिनं शलाकाच्या गटाने वेगळी केली होती. पण ती काचेच्या नळीत एकत्र आली की लगेच त्यांची गुठळी व्हायची. चार वर्षं गाडी तिथेच अडली होती.

आणि शलाका चित्रं काढायची. कोणी त्याला छंद म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडे. ओहोटी असेल त्या प्रत्येक रविवारी ती जलरंग घेऊन खडपांवर जाई. तिची दोन प्रदर्शनं झाली होती, तिसरं तीन आठवड्यांवर आलं होतं. "सहा दिवस शास्त्रज्ञ आणि एक दिवस चित्रकार, असं काही नसतं," ती म्हणायची. "मी सातही दिवस दोन्ही असते."

त्या रविवारी तिने कागदावर गडद निळ्या रंगाचा हात फिरवला आणि तो ओला असतानाच वर जाड्या मिठाचे खडे टाकले. जलरंगात काम करणारे बरेच जण असं करतात. मिठाचा खडा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, रंगाचे कण सरकतात आणि कागदावर पांढुरक्या चांदण्या उमटतात. शलाकाने हे शंभर वेळा पाहिलं होतं. या वेळी तिचा ब्रश हवेतच थांबला. मीठ रंग हलवतं, पण कधी पडतं त्यावर सगळं अवलंबून असतं. आधी पडलं तर नुसता चिखल, नंतर पडलं तर चांदणी. शिनाणाही हेच करत असेल तर? तो आपल्या मऊ पायाखाली एक बंद खोली करतो. त्या खोलीतलं खारेपण आधी कमी करत असेल, डिंक पसरून घेत असेल आणि मगच समुद्राचं पाणी आत सोडत असेल. आणि आपण मात्र पहिल्या मिनिटापासून नळीत खारं पाणी ओतत बसलोय!

तिने तिथूनच नाझियाला फोन लावला. नाझिया मुकादम तिच्या गटातली एकोणतीस वर्षांची संशोधक, राजापूरची.

"नाझिया, उद्या मीठ सगळ्यात शेवटी घाल."

"शेवटी?" नाझियाने वही उघडल्याचा आवाज आला. "मग आम्लता मी मार्चमध्ये काढली होती तेवढीच ठेवायची. तरच टिकेल ते."

"तेवढीच ठेव."

बुधवारी दुपारी बकऱ्याच्या फुप्फुसाचे दोन तुकडे खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटले. नाझियाने ते चिमट्याने ओढून पाहिले, मग दोन्ही हातांनी ओढले. ते सुटले नाहीत. त्या दिवशी अख्ख्या गटाने प्रयोगशाळेतच भेळ खाल्ली.

पट्टीचं नाव होतं 'मागोवा'. तिच्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. आपण एखाद्या गोष्टीवर डोकं चालवतो तेव्हा मेंदूतल्या पेशींचा एक समूह ठरावीक क्रमाने चेततो. नंतर आपण नुसते बसलेले असलो, चालत असलो, तरी तोच क्रम मधूनमधून, पण फार वेगाने पुन्हा उमटतो. मेंदू जणू धड्याची उजळणी करत असतो. मागोवा प्रकाशाच्या बारीक किरणांनी हे क्रम टिपायची आणि प्रत्येक क्रमाचा ठसा साठवून ठेवायची. माणूस काय विचार करतोय हे तिला कळत नसे. ठसा पहिल्यांदा कोणतं काम करताना उमटला त्यावरून त्याला नाव मिळे; पुढे तो कधी आणि कुठे उमटला, एवढंच कळे.

संस्थेत ही पट्टी आली ती चांगल्या हेतूने. वरिष्ठांनी कनिष्ठांच्या कल्पना आपल्या नावावर खपवण्याचे प्रकार फार वाढले होते. शलाकाच्याही बाबतीत ते एकदा घडलं होतं. म्हणून ती स्वतः मागोवा समितीवर बसली. पट्टी सुट्टीच्या दिवशीही लावावी, असा आग्रह तिनेच धरला होता. "कल्पना काही ऑफिसची वेळ बघून येत नाही," हे तिचंच वाक्य इतिवृत्तात होतं. आणि कलम नऊवर तिची सही होती: निर्मितीच्या वेळी ज्याचा ठसा उमटलेला असेल, त्याची ती नोंद मानली जाईल; प्रकल्पाचा ठसा संस्थेचा. सही करताना तिच्या डोळ्यांसमोर वह्या होत्या. चित्रं नव्हती.

सोमवारी संचालक डॉ. टिकेकरांनी तिला बोलावलं. ते तिचे पीएचडीचे मार्गदर्शक. केबिनमध्ये संस्थेचे कायदा अधिकारी लोकूर आधीच बसले होते.

"शलाका, अभिनंदन," टिकेकर म्हणाले. "परदेशी भागीदार यायला तयार आहेत. फक्त एक अडचण आहे."

लोकूरांनी कागद पुढे सरकवला. "मॅडम, मूळ कल्पना चित्र काढताना सुचली, हे मागोवावर स्पष्ट आहे. म्हणजे ते चित्र ही संस्थेची नोंद झाली. आम्ही मागचंही तपासलं. चार वर्षांत तुम्ही दोनशे बारा चित्रं केलीत. एकशे नव्वद चित्रांच्या वेळी प्रकल्पाचा ठसा आहे."

"मग?"

"ती ताब्यात द्यावी लागतील. पेटंट मिळेपर्यंत बंद खोलीत राहतील. प्रदर्शन अर्थातच होणार नाही. आणि यापुढे प्रकल्प संपेपर्यंत चित्र काढायचं झालं तर आधी परवानगी."

शलाकाला आधी हसू आलं. मग तिने टिकेकरांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"सर, माझी चित्रं तुम्ही पाहिली आहेत. खडक आहेत त्यात. पाणी आहे."

"पाच वर्षांचा प्रश्न आहे गं," टिकेकर समजावणीच्या सुरात म्हणाले. "विभागप्रमुख होशील तू. चित्रं काय, पुढे आयुष्यभर काढता येतील."

"पाच वर्षं प्रयोग बंद ठेव, पुढे आयुष्यभर करता येतील, असं मला कोणी म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

टिकेकरांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मागोवा समितीपुढे सुनावणी दहा दिवसांनी ठरली.

शलाका तशीच प्रयोगशाळेत गेली. कपाळावरची पट्टी काढून तिने टेबलावर आपटली. "ही पट्टीच उखडून टाकते आता. सगळी नोंदच खोटी आहे म्हणून सांगते. मीच आणली, मीच घालवते."

नाझियाने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. हातमोजे काढले.

"आणि माझा मार्च?" तिने विचारलं.

"काय?"

"आम्लतेची कल्पना माझी होती. मी ती तुम्हांला मीटिंगमध्ये सांगितली, तेव्हा खोलीत सहा जण होते. आज त्यातल्या तिघांना वाटतं की ती त्यांना सुचली. नोंद खोटी ठरली तर माझं नाव शेवटी, आभाराच्या यादीत जाणार." तिचा आवाज चढला नव्हता. "मॅडम, तुमच्या हातात कुंचला आहे. माझ्याकडे ही पट्टीच आहे."

शलाकाला तिचं म्हणणं लागलं. वीस वर्षांपूर्वी ती स्वतः याच जागी उभी होती.

"तुझ्या मार्चला मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "नोंद खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मी फक्त कलम नऊशी भांडेन."

"आणि हरलात तर?"

"हरेन. पण चित्रं देणार नाही."

सुनावणीसाठी तिने आपल्या पट्टीचा चार वर्षांचा पूर्ण अहवाल मागवला. तो आला शनिवारी दुपारी, जाडजूड गठ्ठा. तिचा नवरा मंदार हायस्कुलात गणित शिकवायचा. आकडे पाहिल्यावर त्याला राहवलं नाही. चष्मा लावून तो पानं उलटू लागला आणि एका पानावर थबकला.

"मे महिना. आपण दापोलीला गेलो होतो, लग्नाच्या वाढदिवसाला."

"हो."

"दुपारी दीड ते तीन. बासष्ट टक्के प्रकल्प." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "जेवत होतो आपण तेव्हा, शलाका. मी तुला बाबांच्या ऑपरेशनबद्दल सांगत होतो. माझ्यासमोर कोण बसलं होतं मग? शिनाणे?"

ती त्याच्यासमोर येऊन बसली. "बाबांना डाव्या डोळ्याने धूसर दिसत होतं. डॉक्टर जूनमध्ये या म्हणाले होते आणि तुला परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून तू घाबरला होतास. मी म्हटलं, मी जाते त्यांच्याबरोबर. गेले की नाही?"

"गेलीस."

"मग मीच बसले होते तिथे. डोक्यात काय फिरत होतं त्यावरून माणूस कुठे आहे हे नाही रे ठरत. मला वाटायचं ठरतं. म्हणून तर ही पट्टी आणली मी."

मंदारचा राग गेला नव्हता, पण तो पानं उलटत राहिला. मग पेन्सिल घेऊन कडेला बेरजा करू लागला.

"हे बघितलंस का?" त्याने गठ्ठा तिच्याकडे वळवला. "बुधवार, प्रयोगशाळा, सकाळी अकरा. 'अन्य ठसा: चित्र.' गुरुवार, प्रयोगशाळा. पुन्हा चित्र. तू तिथे नळ्या हलवत असतेस आणि डोक्यात चित्र चालू असतं."

"किती आहे?"

त्याने दोनदा बेरीज केली. "प्रयोगशाळेतल्या वेळेच्या अडतीस टक्के."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. मग मंदारच पहिल्यांदा हसला, त्या दुपारचं पहिलं हसू.

"संस्थेचं क्वार्टर सोडावं लागेल बहुतेक," तो म्हणाला. "मी जागा बघायला लागतो."

सुनावणीला समितीचे बाकीचे पाच जण होते. लोकूरांनी रविवार संध्याकाळचा आलेख भिंतीवर दाखवला. पाच चाळीसला लाल रेघ उभी चढली होती.

"ही नोंद आपल्याला मान्य आहे?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण मान्य," शलाका म्हणाली. समितीत चुळबुळ झाली. कोणालाच हे अपेक्षित नव्हतं. "तशी डॉ. मुकादमांची मार्चची नोंदही मान्य आहे, ती इतिवृत्तात लिहून घ्या. आता पुढचं पान लावा. पान चारशे सहा."

भिंतीवर प्रयोगशाळेतल्या तासांचा तक्ता आला.

"यातला हिरवा रंग म्हणजे चित्राचा ठसा. तो खडपांवर, माझ्या रंगांनी, माझ्या रविवारी तयार झाला. तो संस्थेचा नाही, हे तुमच्याच पट्टीने लिहून ठेवलंय. आणि तो तुमच्या प्रयोगशाळेत अडतीस टक्के वेळ उमटतो. डिंकाच्या प्रत्येक चाचणीच्या वेळी उमटलाय. कलम नऊ सांगतं की ठसा ज्याचा, निर्मिती त्याची. ठीक आहे. चित्रं तुमची, तर डिंक माझा."

"असं होत नाही, मॅडम!" लोकूर उठले. "कलम फक्त संस्थेच्या बाजूने आहे."

"तसं लिहिलंय का?"

लोकूरांनी कलम पुन्हा वाचलं. मनात वाचलं आणि बसले.

टिकेकरांनी अर्ध्या तासाने तोडगा मांडला. पट्टी फक्त आठ तास लावावी. चित्रं तिच्याकडेच राहावीत. मात्र मिठाचं चित्र संस्थेला द्यावं, आणि घरी असताना प्रकल्पाचा विचार करणार नाही, तसंच प्रयोगशाळेत चित्रांचा विचार करणार नाही, असं लिहून द्यावं.

"सर, तुम्ही मला शिकवलंत," शलाका म्हणाली. "जे करता येत नाही ते लिहून देऊ नये, हेही तुम्हीच शिकवलंत. मी डोक्याच्या मधोमध भिंत घालू शकत नाही. घातली असती तर तुम्हांला डिंक मिळाला नसता."

तिने पट्टी काढून टेबलावर ठेवली. या वेळी आपटली नाही. "प्रदर्शन ठरल्या दिवशी होईल. निवडलेली सगळी चित्रं लागतील."

मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं कलादालन होतं. तिथे शनिवारी सकाळी दहाला एकशे सहा चित्रं लागली, मिठाचं चित्र समोरच्या भिंतीवर, मधोमध. मंदारच्या शाळेतली मुलं आली, बाजार आटपून दोन मासेवाल्या आल्या. त्यातली एक बराच वेळ एका चित्रापुढे उभी राहून म्हणाली, "ही काळबादेवीची उत्तरेकडची खडपं. इथे पाय घसरतो." शलाकाला कुठल्याच समीक्षकाच्या शब्दांनी झाला नसता इतका आनंद झाला.

अकरा वाजता लोकूर आले, नोटीस घेऊन. मागे संस्थेचे दोन कर्मचारी चित्रं बांधायला सुतळी आणि कागद घेऊन उभे होते.

"मॅडम, गुपित उघड होतंय. निदान ते मधलं उतरवा."

शलाका बाजूला सरकली. "या, जवळून पाहा. यातलं गुपित बोटाने दाखवा. मी स्वतः उतरवून देते."

लोकूर चित्राजवळ गेले. निळ्याच्या आत निळं होतं, चांदण्या होत्या, एका कोपऱ्यात खडकाची काळी कड. ते खाली वाकले, मागे सरकले. मासेवालीही त्यांच्या शेजारी येऊन वाकून पाहू लागली.

"मी शास्त्रज्ञ नाही," लोकूर शेवटी म्हणाले. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. नाझिया नुकतीच आत आली होती, कपाळावर पट्टी. "डॉ. मुकादम, बरं झालं. तुम्ही प्रकल्पावर आहात. या चित्रात प्रकल्पाची माहिती आहे की नाही, सांगा."

शलाकाने नाझियाकडे पाहिलं नाही. तिच्यावर दडपण आणायचं नव्हतं. शलाका गेली तर प्रकल्पप्रमुखपद नाझियाकडे येणार, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. एका 'हो'ने ते आजच आलं असतं.

नाझिया चित्रासमोर उभी राहिली. चांगली दोन मिनिटं.

"नाही," ती म्हणाली.

"विचार करून बोला. तुमची पट्टी चालू आहे. या क्षणी तिच्यावर प्रकल्पाचा ठसा उमटला असेल, तर मला तो काढता येईल."

"उमटलाय ना. काढा खुशाल." नाझिया त्यांच्याकडे वळली. "प्रकल्प माझ्या डोक्यात आहे, लोकूर साहेब. भिंतीवर नाही. या ताईंच्या डोक्यात याच चित्राने दुसरं काही आलं असेल. त्याची नोटीस कोणाला देणार?"

"माझ्या मनात आलं की हा उधाणाचा दिवस असणार," मासेवाली म्हणाली.

कोणीतरी हसलं. लोकूर मात्र हसले नाहीत. पण ते दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी नोटीस शलाकाच्या हातात दिली, तिची पोच घेतली आणि सुतळीवाल्यांना घेऊन निघून गेले. चित्रं आठ दिवस भिंतीवर राहिली.

सोमवारी शलाकाला निलंबनाचं पत्र आलं. महिन्याभरात क्वार्टर सुटलं. मंदारने भाट्याला दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. तिथे उजेड कमी येई, म्हणून तिने टेबल घरापुढच्या ओट्यावर मांडलं. सोळा वर्षांचं काम एका सकाळी बंद झालं, याचा त्रास तिला झाला. ती चिडचिडी झाली, मंदारशी कारण नसताना भांडली. सहा आठवडे तिने ब्रशलाही हात लावला नाही. चित्रं वाचवली, पण अर्धं डोकं कोणीतरी काढून नेल्यावर उरलेल्या अर्ध्याने चित्र होत नाही, हे तिला तेव्हा कळलं. मग तिने एका रविवारी बादलीभर शिनाणे घरी आणले, काचेच्या भांड्यात ठेवले आणि त्यांचे पाय कसे हलतात ते रेखाटायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला दाखवायचंही नव्हतं.

इकडे संस्थेत नाझिया प्रकल्पप्रमुख झाली. तिच्या नावावर तिचा मार्च नीट लागला. पण काम पुन्हा अडलं. डिंक स्थिर तुकड्यांवर धरे. हलणाऱ्या, श्वास घेणाऱ्या फुप्फुसावर त्याच्या कडा सुटत. सातव्या महिन्यात तिने टिकेकरांना लेखी कळवलं की शलाका भाटकरशिवाय हे काम पुढे नेता येणार नाही, आणि ही कबुली आपण शुद्धीवर असताना देत आहोत. गटातल्या आणखी नऊ जणांनी खाली सह्या केल्या. त्यातल्या चौघांनी पत्रासोबत आपापल्या पट्ट्याही पाठवून दिल्या.

टिकेकर स्वतः भाट्याला आले. ओट्यावर शिनाण्यांची रेखाटनं पसरली होती. ते चहा घेता घेता ती पाहत होते. एका कागदावर त्यांची नजर अडली. शिनाणा ज्याने खडक धरतो, तो धागा तिथे एकसारखा नव्हता. शिंपल्याजवळ मऊ आणि सैल, खडकाजवळ ताठ.

"हे असं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"असंच असतं. म्हणून लाटेने हलला तरी सुटत नाही. मी पाच महिने बघतेय."

त्यांनी कप खाली ठेवला. "परत ये, शलाका. काय अटी आहेत सांग."

"प्रमुख नाझियाच राहील. मी तिच्या गटात काम करीन. कलम नऊ रद्द, आणि ते फक्त माझ्यापुरतं नाही. सगळ्यांसाठी. ज्याला पट्टी हवी त्याने लावावी, ज्याला नको त्याने लावू नये. बुधवारी आणि रविवारी मी खडपांवर असेन."

"बुधवार कामाचा दिवस आहे."

"म्हणूनच बुधवार मागतेय."

टिकेकरांनी खिशातून पेन काढलं. तिने आधीच लिहून ठेवलेला कागद त्यांनी दोनदा वाचला, सही केली. पेनचं टोपण लावता लावता ते थांबले. सवयच ती.

"पण बुधवारी तिथे बसून तू प्रकल्पाचा विचार करते आहेस की चित्राचा, हे संस्थेला कसं कळणार?"

"नाही कळणार, सर," शलाका म्हणाली आणि कागद त्यांच्या हातून काढून घेतला.